सेल्फीच्या मागचा डोंगर: लोकांच्या पोस्टमधून निसर्गाच्या नोंदी मिळतात का?

प्रश्न असा आहे: "मी पर्यावरणशास्त्रात एमएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इन्स्टाग्राम, फेसबुकवरच्या पोस्ट जमवून सह्याद्रीतल्या वन्यजीवांवर प्रबंध करायचा विचार आहे. आमचे सर म्हणतात, लोकांचे फोटो म्हणजे डेटा नव्हे. खरंच नाही का? असेल तर सुरुवात कुठून करू?"

तुमच्या सरांचं म्हणणं मी पूर्ण खोडून काढणार नाही. गेली बारा-तेरा वर्षं मी हेच काम करतेय आणि त्यांचं हे वाक्य मला स्वतःलाच कितीदा तरी ऐकवावं लागलं आहे. तरी याच काळात लोकांच्या फोटोंतून अशा नोंदी हाती आल्या, ज्या दुसऱ्या कुठल्याच मार्गाने मिळाल्या नसत्या. त्या फोटोत नेमक्या कुठे दडलेल्या असतात, हे कळायला मला बराच वेळ लागला.

आधी माझी फजिती सांगते. सुरुवातीच्या दिवसांत मी जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या ऊसपट्ट्यातल्या बिबट्यांच्या पोस्ट वर्षभर जमवल्या. प्रत्येक पोस्टचं गाव शोधलं, नकाशावर ठिपका दिला. नकाशा दिसायला देखणा झाला. एका बैठकीत तो मांडला, तेव्हा वनखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ताई, हा तर एसटीचा नकाशा झाला." आणि तसंच होतं. ठिपके सगळे रस्त्याकडेच्या मोठ्या गावांत, जिथे रेंज आहे, सीसीटीव्ही आहेत, रील टाकणारी पोरं आहेत. डोंगरातल्या वाड्या कोऱ्या. तिथे बिबटे होतेच, पण ज्यांना ते येता-जाता दिसतात त्यांना त्यात पोस्ट टाकण्यासारखं काही वाटत नव्हतं.

फोटो सांगतो ते सगळ्यात आधी काढणाऱ्याबद्दल. तो कुठे गेला, कोणत्या सुट्टीला गेला, त्याला काय दाखवावंसं वाटलं. प्राणी त्यानंतर येतो. तुम्ही जमवलेल्या पोस्ट वारांनुसार मांडून बघा. सह्याद्रीतले प्राणी शनिवार-रविवारीच बाहेर पडतात असं दिसेल, आणि 15 ऑगस्टला जोडून सुट्टी आली तर त्यांचा मेळाच भरतो. ही चूक आकडा वाढवून जात नाही. सगळ्या नोंदी एकाच बाजूला कललेल्या असतील, तर हजाराच्या लाख केल्याने तीच चूक आपण जास्त आत्मविश्वासाने करतो, एवढाच फरक.

म्हणून पोस्ट गोळा करण्याआधी प्रश्न ठरवा. आणि प्रश्न असा घ्या की त्याचं उत्तर 'किती जण बघत होते' यावर कमीत कमी टेकलेलं असेल. 'जुन्नरमध्ये बिबटे वाढले का?' हा प्रश्न या साधनाला पेलत नाही. 'या डोंगरावर कारवीची झुडपं कोणत्या वर्षी फुलली?' हा छान पेलतो.

कारवीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझं सगळं शिक्षण तिच्यावर झालं. मुंबई-ठाण्याकडची कारवी आठ वर्षांनी एकदा एकगठ्ठा फुलते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती 2008, 2016 आणि 2024 साली फुलली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उतारच्या उतार जांभळे होतात, मग बी धरतं आणि झाडं वाळून जातात. पण सबंध सह्याद्रीची कारवी एकाच पाळीत चालत नाही. डोंगर बदलला की वर्ष बदलू शकतं. कोणत्या डोंगराची पाळी कधीची, हे गावातल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. कुडाच्या भिंतींना कारवीच्या काठ्या लागायच्या, त्यामुळे कारवी कधी 'मेली' ते लक्षात राहायचं. कागदावर मात्र हे फार विस्कळित आहे.

इथे ट्रेकर मंडळींचे जुने अल्बम कामी येतात. झाड जागचं हलत नाही, फुलोरा डोंगरभर असतो, तो आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि डोंगर जांभळा झाला की एकजण तिथून गेला काय आणि शंभर गेले काय, उत्तर तेच येतं. जागा ओळखायला जिओटॅगचीही, म्हणजे फोटोला जोडलेल्या अक्षांश-रेखांशाचीही, गरज पडत नाही. मागे नानाचा अंगठा दिसला की नाणेघाट, कोकणकड्याची ती आत वळलेली कड दिसली की हरिश्चंद्रगड. अट्टल ट्रेकर नुसत्या क्षितिजरेषेवरून कोणत्या धारेवर उभं राहून फोटो काढलाय ते सांगतात. मी अशा दोघांना चहा-भजी पाजून त्यांच्याकडून शेकडो फोटोंच्या जागा लावून घेतल्या आहेत. कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा ते बरे पडले.

दोन सापळे आहेत. एक, मुख्य पाळी नसतानाही चुकार झाडं फुलतात, आणि नेमका त्यांचाच जवळून काढलेला सुंदर फोटो पोस्ट होतो. जवळून काढलेला कारवीच्या फुलाचा फोटो मी म्हणून मोजतच नाही. उतार दिसायला हवा. दोन, कारवीच्या कुळात टोपली कारवी आहे, व्हायटी आहे, शिवाय केरळातली बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी सगळ्यांना ऐकून माहीत, त्यामुळे इथल्या कुठल्याही जांभळ्या फुलाला बिनदिक्कत तेच नाव दिलं जातं.

या कारवीच्या कामात मला एक गोष्ट उलगडली, आणि तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर तेच आहे. 'फुललेली कारवी' दाखवणाऱ्या पोस्टपेक्षा ज्यात कुणाच्या ध्यानीमनीही कारवी नव्हती, असे फोटो जास्त उपयोगी पडले. 12-15 पोरांचा ग्रुप फोटो, पुढे झेंडा, मागे हिरवागार उतार. तारीख ऑगस्टअखेरची. म्हणजे त्या वर्षी त्या उतारावर फुलोरा नव्हता. ही 'नाही' ची नोंद झाली, आणि समाजमाध्यमांवर सगळ्यात दुर्मिळ गोष्ट कोणती असेल तर हीच. 'आज कारवी दिसली नाही' अशी पोस्ट कोण टाकतं? पण सेल्फीच्या मागे ती न बोलता नोंदलेली असते. माणूस पुढे काय ठेवायचं ते निवडतो, मागचं निवडत नाही. निवड नाही तिथे कलही कमी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी म्हणते, फोटोतल्या माणसांवर अंगठा ठेवा आणि उरलेलं बघा.

ही काही माझीच शक्कल नव्हे. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 'टूर ऑफ फ्लँडर्स' या सायकल शर्यतीची 1981 ते 2016 सालची टीव्हीवरची चित्रफीत धुंडाळली. शर्यत दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला, रस्ते बहुतेक तेच, चढही तेच. कॅमेरा सायकलपटूंवर होता. यांनी बघितली मागची झाडं. 1990 च्या आधी त्या तारखांना झाडांवर पानं जवळपास नसायचीच, पुढे पुढे ती दिसू लागली. वसंत अलीकडे सरकतोय, याचा पुरावा क्रीडावाहिनीच्या कपाटात पडून होता. इटलीत मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या मंडळींनी आल्प्समधले पर्यटकांचे फोटो आणि वेबकॅम वापरून शिखरांवर किती बर्फ आहे याचा अंदाज बांधला, आणि खालच्या तलावाच्या पाण्याच्या नियोजनाशी तो जोडला.

आपल्याकडे अशा पार्श्वभूमींना तोटा नाही. आळंदीला इंद्रायणीकाठी वारकऱ्यांचे फोटो दरवर्षी ठरलेल्या तिथींना निघतात. मागे पाण्यावर फेस आहे की नाही, किती आहे, तो घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत आला, हे वर्षानुवर्षं लावता येतं. तिथी पंचांगावर चालते, त्यामुळे तारखा पुढेमागे होतात, एवढं सांभाळायचं. धरणाच्या काठावर प्री-वेडिंगचे जे असंख्य फोटो निघतात, त्यांतल्या नवरा-नवरीच्या मागे जलपर्णी कुठवर पसरली ते स्पष्ट दिसतं. (या जोडप्यांनी विज्ञानाची केवढी सेवा चालवली आहे, याची त्यांना कल्पना नसणार.)

लोणारचं सरोवर 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं, ते आठवत असेल. फोटो देशभर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं, की पाणी घटून खारटपणा वाढल्यामुळे मिठात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांचा तो रंग. इथे लोकांच्या पोस्टने इशाऱ्याचं काम केलं, निदान प्रयोगशाळेने केलं. आता कुणी म्हणेल, त्या पोस्टवरून गुलाबीपणाची तीव्रता दिवसागणिक मोजू या. ते जमणार नाही. प्रत्येक फोन रंग आपल्या मर्जीने लावतो, वर लोक फिल्टर चढवतात. रंगाच्या प्रश्नाला उपग्रहाचं चित्र धरायचं. आणि आधीच्या वर्षांत पाण्याची कड कुठे होती ते हवं असेल, तर काठावरच्या मंदिरांशी काढलेले जुने कौटुंबिक फोटो धरायचे.

उपग्रह आणि लोक यांची सगळ्यात चांगली जोडी वणव्यांच्या कामात जमते. आगी टिपणारे जे उपग्रह आहेत, त्यांतला व्हीआयआयआरएस हा संवेदक आपल्यावरून साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातो. संध्याकाळी सातला पेटलेला आणि दहाला विझलेला गवताचा वणवा त्याच्या नजरेतून सहज सुटू शकतो. पण फेब्रुवारी ते एप्रिल किल्ल्यांवर मुक्कामाला गेलेली मंडळी समोरच्या डोंगरावरची आगीची माळ हमखास टिपतात. दुसऱ्या दिवशीच्या सेल्फीत मागे काळा पट्टा दिसतोच. तुम्हाला एका मोसमात पुरा होणारा विषय हवा असेल तर हा घ्या.

आता प्राण्यांकडे येते, कारण तुम्ही वन्यजीव म्हणालात. समोरच्या, मुद्दाम काढलेल्या फोटोचं मोल मोजणीत नाही. 'हा जीव इथे आहे' एवढं सांगण्यात ते आहे. तिथे एक पोस्टसुद्धा पुरते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हिमाचलच्या चंबा जिल्ह्यात घरी अडकलेल्या एका विद्यार्थ्याने अंगणातल्या सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्याला तो साधा कुकरी साप वाटला होता. सरीसृपतज्ज्ञ झीशान मिर्झा यांच्या नजरेला तो खटकला. मग प्रत्यक्ष नमुने, खवल्यांची मोजदाद, डीएनए, आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये 'ओलिगोडॉन चुराहेन्सिस' ही नवी प्रजाती जाहीर झाली. 2012 साली मलेशियातला एक हिरवट नाजूक जाळीदार पंखांचा कीटक असाच फ्लिकरवरच्या फोटोमुळे विज्ञानाच्या दप्तरी आला. ब्राझीलच्या डोंगरावरची 'ड्रोसेरा मॅग्निफिका' ही भली मोठी कीटकभक्षी वनस्पती फेसबुकवरच्या फोटोवरून ओळखली गेली आणि 2015 मध्ये तिचं वर्णन झालं. या तिन्ही गोष्टींत फोटोनंतर कुणीतरी उठून प्रत्यक्ष जाऊन बघितलं. पोस्ट ही खबर होती. खबरीवरून धाड घालता येते, गुन्हा सिद्ध होत नाही, असं आमचे एक वनरक्षक मित्र म्हणतात.

मोजणीचा मोह किती फसवा, याला काजव्यांसारखं उदाहरण नाही. मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इकडचे काजव्यांचे फोटो तुमच्या फोनवर येतच असतील. झाडभर हजारो सोनेरी ठिपके. हे फोटो बहुधा 20-30 सेकंद शटर उघडं ठेवून घेतलेल्या कितीतरी चौकटी एकावर एक रचून केलेले असतात. एकाच काजव्याचे त्यात पन्नास ठिपके. वर्षावर्षांची तुलना करायची म्हटली तर कॅमेरे सुधारले की काजवे 'वाढतात'. तारखेसाठी मात्र हे फोटो चांगले: पहिला फोटो कधी, शेवटचा कधी, पाऊस कधी पडला. तेही शनिवार-रविवारचं भान ठेवून. 'पहिला काजवा 25 मेला दिसला' असं न लिहिता '18 नंतर, 25 पर्यंत केव्हातरी' असं लिहायचं. दोन तारखांच्या मधली खिडकी हीच तुमची नोंद.

पक्ष्यांसाठी इन्स्टाग्राम धुंडाळत बसू नका, हे स्पष्टच सांगते. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं ई-बर्ड हे संकेतस्थळ 2002 पासून आहे, आपल्याकडे बर्ड काउंट इंडियाने ते उत्तम रुजवलं आहे. तिथे माणूस किती वेळ बघत होता ते लिहितो आणि दिसलेले सगळे पक्षी नोंदवतो, त्यामुळे न दिसलेल्यालाही अर्थ येतो. चातकाच्या आगमनाच्या नोंदी भारतात 2007 साली सुरू झालेल्या मायग्रंटवॉच या स्थलांतरी पक्ष्यांच्या उपक्रमाने लोकांकडूनच घेतल्या. तयार विहीर असताना ओल शोधत फिरायचं कशाला?

साप हा मात्र समाजमाध्यमांचा हक्काचा प्रांत. महाराष्ट्रात गावोगावी सर्पमित्र आहेत आणि पकडलेल्या सापाचा फोटो टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कोणत्या महिन्यात घरात कोणता साप शिरतो, हे त्यातून चांगलं कळतं. पण नोंद ही सापाच्या आणि माणसाच्या भेटीची आहे, सापाच्या अधिवासाची नाही. आणि फोटो कधी पकडल्या जागी निघतो, तर कधी सोडल्या जागी, पंधरा किलोमीटर पलीकडे. विचारल्याशिवाय कळत नाही. ओळखीच्या चुकाही इथे जिवावरच्या. मण्यार म्हणून टाकलेला साप कितीदा तरी बिनविषारी कवड्या निघतो, आणि उलट झालं तर काय होतं ते सांगायला नको. कवड्याचे पट्टे मानेकडे ठसठशीत आणि शेपटीकडे विरत जाणारे, मण्यारीचे मानेकडे पुसट आणि मागे स्पष्ट. फोटोत शेपटी नसेल तर मी 'अनिश्चित' लिहून पुढे जाते. तुमच्या तक्त्यात हा रकाना हवाच. तो रिकामा राहिलेला तक्ता मला दाखवलात तर मी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

शोधशब्दांचं प्रकरण मजेशीर आहे. 'सांबर' टाकलं की इडलीची दुकानं. 'वाघ' टाकलं की आडनावं, राजकारण आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. 'मोर' मध्ये पैठणीवरचे मोर. 'चातक' आणि 'काजवे' वाक्प्रचारांत अडकलेले. त्याच वेळी खरी नोंद 'वाघरू' या शब्दात दडलेली असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात. खरा वाघ म्हणायचा असेल तर 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' जोडतात. पँगोलिन शोधून काही मिळणार नाही, 'खवले मांजर' शोधा. वर रोमन लिपीत लिहिणारे प्रत्येकजण आपल्या मनाने स्पेलिंग करतात. त्यामुळे प्रत्येक तालुक्याची शब्दयादी गावात बसून करावी लागते. यंत्राला मराठी मजकूर देऊन आपोआप वर्गवारी करू पाहणाऱ्यांचे बरेच प्रकल्प याच पायरीवर घसरताना मी पाहिले आहेत.

तारीख आणि जागा यांबद्दल. इंग्लंडमधल्या संशोधकांनी ट्विटरवरून उडत्या मुंग्या, शरद ऋतूत घरात शिरणारे कोळी आणि साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंगचे संध्याकाळचे थवे यांच्या नोंदी काढून नागरिक-विज्ञानाच्या प्रकाशित नोंदींशी ताडून पाहिल्या. वेळेचं चित्र जुळलं. जागेची माहिती कच्ची होती. माझाही अनुभव हाच. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप हे सगळे फोटोतली मूळ माहिती, म्हणजे घेतल्याची वेळ आणि अक्षांश-रेखांश, पुसून टाकतात. उरतं ते माणसाने स्वतः लावलेलं ठिकाण. ते बहुतेकदा रिसॉर्टचं, तालुक्याचं किंवा नुसतंच 'सह्याद्री' असतं. तारीख पोस्टची असते. फोटो तीन पावसाळे जुना असू शकतो. उपाय साधा आहे. फोटो टाकणाऱ्याला लिहा आणि मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागा, तशी पाठवली की आतली माहिती शाबूत येते. लोक बहुतेक देतात. कुणीतरी आपल्या फोटोला अभ्यासासाठी विचारतंय याचं त्यांना अप्रूप असतं.

याच विचारपुशीत खोटंही गळून पडतं. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यांत व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याचं जगभर फिरलं. ते चित्रण सार्डिनियाचं होतं. त्याच सुमारास कोझिकोडजवळ झेब्रा क्रॉसिंगवरून चालणारं 'नामशेष होत आलेलं मलबार जवादी मांजर' आपल्याकडे फिरलं. ते निघालं नेहमीचं लहान जवादी मांजर. नवी मुंबईतल्या रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) गुलाबी फोटो त्या उन्हाळ्यात निसर्ग परत आल्याचं चिन्ह ठरले, पण हे पक्षी त्याआधीची कित्येक वर्षं ठाण्याच्या खाडीवर येतच होते. बघणारे गच्चीवर रिकामे बसले होते, हा नवा भाग. आता तर एआयने बनवलेले बिबटे आलेत. मी एकच प्रश्न विचारते, "याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो आहे का?" खरा फोटो काढणाऱ्याकडे त्या क्षणाच्या पाच-सात हललेल्या, अर्धवट चौकटी असतातच. खोटा एकुलता एक असतो, आणि फार सुबक असतो.

आता मिळवायचं कसं. एकगठ्ठा उपसून घेण्याचे दिवस गेले. 2018 मध्ये, फेसबुकवरची लोकांची माहिती परस्पर वापरली गेल्याच्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर, फेसबुक-इन्स्टाग्रामने बाहेरच्यांसाठीच्या वाटा आवळल्या, ट्विटरने 2023 मध्ये फुकट प्रवेश बंद केला, आणि संशोधक ज्यावर विसंबून होते ते पोस्ट शोधण्याचं साधन, क्राउडटँगल, 2024 च्या ऑगस्टमध्ये फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, बंद केलं. चोरून उपसणारे प्रोग्रॅम कंपन्यांच्या अटींत बसत नाहीत, तुमच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीपुढे तर मुळीच नाही. मला याचं वाईट वाटत नाही. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला भेटून, सदस्यांना सांगून, हाताने केलेलं काम हळू होतं पण टिकतं. बांगलादेशात निसर्गछायाचित्रांच्या फेसबुक गटांतून संशोधकांनी जवळपास एक हजार प्रजातींचे सुमारे 44 हजार फोटो असेच ओळखून, जागा लावून नोंदवले आणि संवर्धनाच्या प्राधान्यक्षेत्रांचा नकाशा त्यामुळे बदलला. तैवानमध्ये रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांची नोंद 2011 साली एका फेसबुक गटावर सुरू झाली. गटाने हळूहळू शिस्त लावली: फोटो, तारीख, जागा, तिन्ही हवं. 1961 पासून रेबीजमुक्त मानलेल्या त्या बेटावर 2013 मध्ये रानटी प्राण्यांत रेबीज सापडला, तेव्हा या जाळ्यातून येणारी मृत जनावरं रोगावर पाळत ठेवायला उपयोगी पडली.

जमलेली नोंद पुढे आय-नॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळांवर मूळ माणसाच्याच हाताने, त्याच्याच नावाने चढवून घ्या. श्रेय त्याचं राहतं आणि ओळख चार जाणत्यांकडून तपासली जाते.

आणि जागा लपवा. हा भाग मी तडजोडीला ठेवत नाही. खवले मांजराचं बीळ, घुबडाचं घरटं, दुर्मिळ ऑर्किडचं झाड यांचे अक्षांश-रेखांश प्रबंधाच्या परिशिष्टात छापायचे नसतात. आय-नॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची जागा साधारण 20-22 किलोमीटरच्या चौकोनात आपोआप धूसर करतं. तुम्ही तालुक्यापर्यंत थांबा. एका घुबडाच्या घरट्याची माझ्याकडून एकदा एका व्याख्यानात चुकून ओळख पटेल अशी स्लाइड दाखवली गेली. पुढच्या रविवारी त्या वडाखाली अकरा ट्रायपॉड होते. त्या वर्षी पिल्लं उडाली की नाही, ते बघायला जायची माझी हिंमत झाली नाही. माणसांचीही ओळख लपवा: चेहरे, नावं, गाडीचे नंबर तक्त्यात येता कामा नयेत. एखाद्या पोस्टमध्ये शिकार किंवा विक्री दिसली, तर ती नोंद तुमच्या प्रबंधाची नाही, वनखात्याची आहे. तशीच्या तशी त्यांच्याकडे द्या आणि त्या माणसाशी स्वतः बोलायला जाऊ नका.

प्रबंध एका वर्षाचा आहे, म्हणून मी तुमच्या जागी असते तर एक डोंगररांग आणि एकच प्रश्न घेतला असता: कारवीची पाळी, नाहीतर वणवे. कारवी घेतलीत तर मुंबईकडची पुढची पाळी 2032 ला येईल, तेवढं थांबायची गरज नाही. 2016 आणि 2024 चे, आणि मधल्या वर्षांचे फुलोरा नसलेले फोटो तयार आहेत. ते इन्स्टाग्रामवर कमी आणि लोकांच्या जुन्या फोनमध्ये जास्त आहेत. कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या आठ-दहा वर्षांपूर्वीच्या सिनियर मंडळींना याच आठवड्यात फोन करा. असे फोन लोक दिवाळीच्या साफसफाईत देऊन टाकतात.